विजरईंची पाच घरे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हळर्ण येथे झालेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून वक्त्याने संस्थेचा गुणगौरव करावा असा प्रघात आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून मी आज एका निराळ्या विषयाकडे वळतो. गोव्यावर राज्य करणारे पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय, ज्यांना जुन्या मराठी कागदांत ‘विजरई’ म्हटले आहे, ते ज्या सरकारी वाड्यांतून राहिले, त्या वाड्यांचा थोडक्यात इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे.

हळर्णच्या माणसांना विजरईच्या घराशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्यांपैकी एका घरात राहणारा एक विजरई आपल्या या गावाचे नाव स्वतःला लावून पोर्तुगालला घेऊन गेला. तेव्हा त्या घराची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला आहेच. शिवाय दुसऱ्याच्या पैशावर उभे राहिलेले घर कसे वापरावे आणि कसे वापरू नये, हा विश्वस्त संस्थेच्या नित्य विचाराचा विषय आहे.

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशहाकडून गोवे घेतले. जेत्याने पराभूताच्या घरात राहावे ही जगाची जुनी रीत. जुन्या गोव्यात आदिलशाही अमलातला एक प्रशस्त वाडा होता, त्याला पोर्तुगीज ‘साबायोचा वाडा’ म्हणत. तोच पहिल्या गव्हर्नरांचा निवास झाला. १५५४ साली दों पेद्रु माश्कारेञ्यश हा वृद्ध विजरई आला. त्याला त्या वाड्याचे जिने चढवेनात म्हणून त्याने मुक्काम नदीकाठच्या किल्ल्यातल्या वाड्यात हलवला, असे सांगतात. रिकामा झालेला वाडा १५६० साली इन्क्विझिशनच्या हवाली झाला. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसाठी जे घर रिकामे झाले, त्यात पुढे कित्येक पिढ्या धर्माच्या नावाने माणसांचा छळ झाला! घराला स्वतःचे पापपुण्य नसते. आत कोण बसतो आणि कशासाठी बसतो, त्यावर ते ठरते.

दुसरे घर म्हणजे किल्ल्यातला हा वाडा. गोव्याच्या वैभवाचा काळ या घराने पाहिला. पोर्तुगालहून आलेल्या आरमारांची चित्रे त्याच्या एका दालनात लावलेली असत. दुसऱ्या दालनात गव्हर्नर व विजरई यांच्या पूर्णाकृती तसबिरी होत्या. तसबिरींची ही प्रथा दों जुआंव द काश्त्रु याने १५४७ च्या सुमारास सुरू केली. देखरेख गास्पार कोर्रेया या इतिहासकाराची होती, पण प्रत्यक्ष रंग भरणारा हात इथल्याच एका चित्रकाराचा होता. तसबिरीतल्या प्रत्येक साहेबाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. त्या तसबिरी पुढे पणजीला गेल्या आणि आज जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहेत. ज्यांना पाहणे शक्य आहे त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात, आणि पाहताना त्या अनामिक हाताची आठवण ठेवावी.

याच वाड्याजवळ नदीवरून शहरात शिरण्याची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिश्कु द गामा हा विजरई असताना ती उभारली गेली. नवा विजरई आला की तो याच कमानीतून शहरात प्रवेश करी आणि नगराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जात. आज दिसते ती कमान १९५४ साली पुन्हा बांधलेली आहे.

एवढा थाट होता, पण त्याखाली भीतीही होती. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले, आणि जुने गोवे शहर हाकेच्या अंतरावर आले. त्या वेळचा विजरई कोंद द आल्वोर याने बों जेझूच्या चर्चमध्ये जाऊन आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी ठेवला आणि शहर वाचवण्याची प्रार्थना केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना माघारी वळावे लागले आणि शहर वाचले. पण विजरईचा धीर खचला. राजधानीच मुरगावला न्यावी असे त्याने ठरवले. तिकडे कामही सुरू झाले, पण ते कधी तडीस गेले नाही. इकडे जुन्या गोव्यात साथींच्या रोगांनी घरेच्या घरे ओस पडत होती. अखेर १६९५ साली विजरईने शहर सोडले. किल्ल्यातला वाडा पुढे मोडकळीस आला आणि एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. आदिलशाही वाड्याची म्हणून दाखवली जाणारी एक कोरीव दगडी दारचौकट सेंट कॅजेटन चर्चजवळ अजून उभी आहे. दार आहे, घर नाही.

तिसरे घर पणेलीचे. जुने गोवे आणि रायबंदर यांच्या मध्ये, दारूगोळ्याच्या कारखान्याला लागून हे घर होते, म्हणून त्याला ‘काझा दा पोल्वरा’, म्हणजे दारूखान्याचे घर, असे नाव पडले. आपल्या गावाचा संबंध येतो तो या घराशी.

१७४४ साली दों पेद्रु मिगेल द आल्मैद पोर्तुगाल हा विजरई होऊन आला. त्या काळी हळर्णचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. शापोऱ्याच्या नदीवरून वर येणारी वाट या किल्ल्याच्या नजरेखाली असे, त्यामुळे बार्देशातल्या फिरंग्यांना तो सलत होता. मे १७४६ मध्ये या विजरईने हळर्ण जिंकले. त्याच वर्षी त्याने तेरेखोलही घेतला. लिस्बनच्या दरबाराला या विजयाचे एवढे अप्रूप वाटले की, १७४८ साली त्याची आधीची पदवी बदलून त्याला ‘मार्केज द आलोर्ना’ असे नाव दिले गेले. ‘आलोर्ना’ म्हणजे हळर्णच. फिरंगी जिभेला आपला ‘ह’ पेलला नाही आणि ‘ळ’ तर मुळीच पेलला नाही, म्हणून हा अपभ्रंश.

या नावाची पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. या विजरईच्या मागोमाग पणेलीच्या घरात मार्केज द ताव्होरा राहायला आला, आणि दोन्ही घराण्यांची सोयरीकही होती. १७५९ च्या जानेवारीत, राजावर मारेकरी घातल्याच्या आरोपावरून, ताव्होराला व त्याच्या बायकोमुलांना लिस्बनमध्ये देहान्त शासन झाले. आलोर्ना घराण्याचा दुसरा मार्केज, ताव्होराचा जावई, वर्षानुवर्षे तुरुंगात पडला. त्याची आठ वर्षांची मुलगी लेओनोर हिला आईसह एका मठात कोंडले गेले. १७७७ साली सुटका झाली तेव्हा ती ऐन तारुण्यात होती. त्या मठात तिने वाचन केले, कविता लिहिल्या आणि पुढे ‘मार्केझा द आलोर्ना’ म्हणून ती पोर्तुगीज साहित्यात मानाला पोचली. १८३९ साली ती वारली. आपल्या गावाचे नाव एका परक्या देशाच्या काव्यात आहे, ते असे एका कैदी मुलीमुळे. पणेलीच्या घरात ऐश्वर्याने नांदलेल्या दोन कुटुंबांची पुढे ही गत झाली; आणि ज्या किल्ल्यामुळे पदवी मिळाली तो किल्लाही तेव्हा फिरंग्यांकडे फार काळ टिकला नाही. तो पुन्हा भोसल्यांकडे गेला. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आला आणि ‘नव्या काबिजादीं’त मोडू लागला.

चौथे घर पणजीचे. पणेलीतही रोगराईने पाठ सोडली नाही, तेव्हा १७५९ च्या डिसेंबरात कोंद द एगा या विजरईने आपला मुक्काम पणजीला मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात नेला. हा वाडा पोर्तुगीज येण्यापूर्वीचा, यूसुफ आदिलशहाच्या काळातला. पोर्तुगीजांनी तो वाढवला, बदलला, आपली राजचिन्हे दारावर लावली. पण त्याचे नाव मात्र शेवटपर्यंत ‘पालासियु दु इदालकांव’, म्हणजे आदिलखानाचा वाडा, असेच राहिले. राज्य जाते, नाव राहते! विजरई राहायला आल्यामुळे पणजीचे खेडेपण गेले, आणि १८४३ साली ‘नोव्हा गोवा’ या नावाने तिला शहराचा दर्जा मिळाला.

पणजीच्या या सत्तास्थानी १८३५ साली एक विलक्षण गोष्ट घडली. नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरिश द सिल्वा हे गोमंतकीय गृहस्थ ‘प्रीफेक्त’ म्हणून गोव्याचे कारभारी नेमले गेले. १४ जानेवारीला त्यांनी सूत्रे हाती घेतली. १ फेब्रुवारीला गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून त्यांना काढून लावले, आणि त्यांना मुंबईचा रस्ता धरावा लागला. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात या मातीतला माणूस सर्वोच्च पदावर बसला, तो सतरा दिवस.

पाचवे घर काबोचे. ‘काबो’ म्हणजे भूशिर. मांडवी आणि झुवारी जिथे समुद्राला मिळतात, तिथे दोनापावलच्या टोकावर सोळाव्या शतकात एक चॅपेल उभे राहिले आणि त्याला जोडून फ्रान्सिस्कन साधूंचा मठ झाला. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तिथे इंग्रज पलटणीने तळ दिला होता; त्यांची दफनभूमी दोनापावलला अजून आहे. १८३५ साली धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर मठाचे मठपण संपले. पुढे तिथे गव्हर्नर येऊ लागले आणि १९१८ पासून ते त्यांचे मुख्य निवासस्थान झाले. पणजीचा वाडा मग सरकारी कचेऱ्यांसाठी राहिला.

या पाचव्या घराचा शेवटचा पोर्तुगीज रहिवासी म्हणजे गव्हर्नर जनरल व्हासालु ई सिल्वा. डिसेंबर १९६१ मध्ये लिस्बनहून सालाझारचा हुकूम आला होता की, शरण जायचे नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचे. १९ डिसेंबरला या गृहस्थाने तो हुकूम बाजूला ठेवला आणि वास्को येथे शरणागती पत्करली. त्यामुळे पुष्कळ माणसांचे प्राण आणि पुष्कळ घरेदारे वाचली. मायदेशी त्याच्या वाट्याला लष्करातून बडतर्फी आली. शत्रूच्याही पदरी त्याचे माप योग्य ते टाकावे, म्हणून हे सांगितले.

बंधुभगिनींनो, ही पाच घरे सोडण्याची कारणे ध्यानात घ्या. एकदा जिने जड झाले, एकदा भीती वाटली, दोनदा रोगराईने पळवले, शेवटी समुद्राकाठ मानवला. प्रत्येक वेळी रहिवाशाची सोय पाहिली गेली. ज्या रयतेच्या करातून भिंती उभ्या राहिल्या, तिच्या सोयीसाठी एकही घर हलले नाही. साथ सुरू झाली तेव्हा विजरई पणजीला गेला. जुन्या गोव्यातला गरीब कुठे गेला असेल?

मुक्तीनंतर पणजीच्या वाड्यावरची विजरईंची राजचिन्हे उतरली आणि तिथे अशोकचक्र लागले. आत सचिवालय आणि विधानसभा आली. डिसेंबर १९६३ मध्ये लोकांनी निवडून दिलेले पहिले मुख्यमंत्री म्हणून भाऊसाहेब बांदोडकर यांनी कारभार हाती घेतला. भाऊसाहेबांचा जन्म आपल्या पेडण्यातला. ज्या महालाला राज्यकर्त्यांच्या दप्तरात ‘नवी काबिजाद’ एवढीच ओळख होती, तिथला सुपुत्र आदिलशहाच्या वाड्यात बसून गोव्याचा कारभार पाहू लागला, आणि खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. सतरा दिवसांचे ते अपुरे राहिलेले पान अशा रीतीने पुरे झाले. २००० साली विधानसभा पर्वरीला नव्या इमारतीत गेली. काबोचे घर राज्यपालांचे निवासस्थान झाले.

परक्या राज्याच्या या वास्तू का जपायच्या, असे कोणी कोणी विचारतात. माझे म्हणणे असे की, त्या परक्यांच्या कधीच नव्हत्या. दगड इथला, चुना इथला, पाथरवट आणि सुतार इथले, आणि पैसाही इथल्याच शेताभाटांतून वसूल झालेला. विजरई हे भाडेकरू होते आणि भाडे न देणारे होते, इतकेच. मालकाने आपले घर परत मिळाल्यावर ते पाडायचे नसते; झाडून स्वच्छ करायचे असते. हळर्णच्या किल्ल्यालाही हेच लागू आहे. त्याचा एक चिरा जरी कोणी कुंपणासाठी उचलून नेला, तर तो आपल्याच घराचा चिरा गेला.

आता एक शेवटची गोष्ट. पाच घरांपैकी काही पडली, काहींनी रूप पालटले. पण त्या घरांतून लिहिले गेलेले कागद राहिले. १५९५ साली दियोगु दु कोतु याच्या हाती सोपवलेले गोव्याचे दप्तर आजही पणजीत आहे. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर ते दप्तर धुंडाळले, म्हणून पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचा इतिहास आपल्याला आपल्या भाषेत वाचता येतो. विजरईंनी ते कागद स्वतःच्या कामासाठी लिहवले होते. ते आपल्या कामी येतील, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

म्हणून संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. पन्नास वर्षांच्या पावत्या, ठरावांची पुस्तके, देणगीदारांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांचे अर्ज, जुने झाले म्हणून रद्दीत घालू नका. त्यांना वाळवी लागू देऊ नका. ज्याने पाच रुपये दिले त्याचे नाव पाचशे देणाऱ्याच्या शेजारी राहू द्या, आणि ही इमारत बांधणाऱ्या गवंड्याचेही नाव वहीत लिहून ठेवा. तसबिरी रंगवणाऱ्या त्या चित्रकाराच्या बाबतीत जे घडले, ते आपल्या संस्थेत घडता कामा नये.