पटणारे आणि सिद्ध झालेले : अतिदक्षता विभागातील मूत्रपिंड

अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना पहिल्या आठवड्यातच कमी-अधिक इजा होते. ३३ देशांतील ९७ केंद्रांत झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,८०२ रुग्णांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आढळले. ही इजा बहुधा दुसऱ्या आजाराच्या पाठोपाठ येते. जंतुसंसर्गाने बिघडलेले रक्ताभिसरण, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, हृदयाचा मंदावलेला जोर आणि काही औषधे ही तिची जगभरची कारणे. महाराष्ट्रात पावसाळा आला की त्यांत लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया आणि घोणशीचा दंश यांची भर पडते.

गेल्या काही दशकांत या विषयावर जे संशोधन झाले, त्याचा धडा एकच आहे: पटणारा युक्तिवाद म्हणजे पुरावा नव्हे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष वाटणारे उपचार खऱ्या रुग्णांवर काटेकोरपणे तपासले गेले, तेव्हा त्यांतले अनेक टिकले नाहीत. काही तर अपायकारक ठरले. पुढील सर्व विवेचन या धड्याच्या आधाराने केले आहे.

या इजेच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लंडनमध्ये होते. बॉम्बहल्ल्यात कोसळलेल्या घरांखालून जिवंत काढलेली माणसे सुरुवातीला सावरल्यासारखी दिसत. मग त्यांची लघवी कमी होत जाई आणि काही दिवसांत ती दगावत. बायवॉटर्स आणि बील या संशोधकांनी १९४१ साली अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. चिरडलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे रंगद्रव्य मूत्रपिंडाला बाधते, हे पुढे स्पष्ट झाले. भूकंपात ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांना आज लगेच सलाइन लावतात, त्यामागे हेच ज्ञान आहे.

त्याच काळात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर कृत्रिम मूत्रपिंडाच्या खटपटीत होता. १९३८ साली ग्रोनिंगेन येथे त्याच्या देखरेखीखालील एक बावीस वर्षांचा तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन हळूहळू मरण पावला होता. त्या तरुणाच्या रक्तातून रोज थोडा युरिया काढता आला असता तर तो जगला असता, या विचाराने कोल्फला पछाडले. पुढे काम्पेन गावच्या रुग्णालयात त्याने यंत्र उभे केले. धातूची टंचाई होती, म्हणून लाकडी पट्ट्यांचे आडवे पिंप केले. सॉसेज भरण्यासाठी वापरली जाणारी सेलोफेनची लांबलचक नळी त्याभोवती गुंडाळली. रुग्णाचे रक्त नळीतून वाहायचे, पिंप फिरायचे आणि नळीचा खालचा भाग मिठाच्या द्रावणात बुडत राहायचा. १९४३ पासून त्याने उपचार केलेल्या पहिल्या सोळा रुग्णांपैकी जवळपास सर्व दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांच्या एका स्त्रीला बेशुद्धावस्थेत यंत्रावर घेतले. काही तासांनी ती शुद्धीवर आली, तिची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली आणि पुढे ती कित्येक वर्षे जगली. युद्धानंतर कोल्फने आपली यंत्रे लंडन, मॉन्ट्रिअल आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयांना देऊन टाकली. कोरियाच्या युद्धात आघाडीजवळच असे यंत्राने रक्त शुद्ध करण्याची, म्हणजे डायलिसिसची, सोय झाली, आणि जखमी सैनिकांत मूत्रपिंडे बंद पडल्यावरचा मृत्युदर सुमारे ९० टक्क्यांवरून जवळजवळ ५० टक्क्यांपर्यंत उतरला.

कोल्फच्या कथेला इतकी जागा देण्यास कारण आहे. जे यंत्र मरणाच्या दारातून माणूस परत आणते, ते अधिक वापरले, लवकर वापरले, जोराने वापरले तर आणखी माणसे वाचतील, हा विश्वास याच यशातून जन्मला. त्याची परीक्षा व्हायला अर्धशतक लागले.

परीक्षा होण्यापूर्वी व्याख्या ठरवावी लागली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘मूत्रपिंड निकामी होणे’ या शब्दांचे तीसहून अधिक अर्थ प्रचलित होते. एका रुग्णालयाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नसत. २००४ साली पहिली सर्वमान्य वर्गवारी आली, २००७ साली तिच्यात सुधारणा झाली आणि २०१२ पासून एकच निकष जगभर वापरला जातो. मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, सात दिवसांत ते दीडपट होणे किंवा सलग सहा तास शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी होणे, यांपैकी काहीही घडले तर इजा झाली असे मानतात. साठ किलोच्या रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ ताशी तीस मिलिलिटर. क्रिएटिनिन वाढायला वेळ लागतो, त्याआधीच लघवी घटलेली असू शकते. म्हणून परिचारिकेने दर तासाला लघवी मोजून तक्त्यावर लिहिलेला आकडा हे या क्षेत्रातील मोलाचे मोजमाप आहे.

डोपामिनचे उदाहरण हा या विषयाचा गाभा आहे. अत्यल्प मात्रेत दिलेले डोपामिन मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि लघवी वाढवते. त्यामुळे जगभरच्या अतिदक्षता विभागांत ते ‘मूत्रपिंडाची मात्रा’ म्हणून वर्षानुवर्षे दिले गेले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधील २३ विभागांनी मिळून ३२८ रुग्ण घेतले, डोपामिन कोणाला आणि नुसते द्रावण कोणाला हे नशिबावर सोपवले, आणि कोणाला काय मिळते आहे हे डॉक्टर व रुग्ण दोघांपासून झाकून ठेवले. २००० साली निकाल आला. क्रिएटिनिनची कमाल पातळी दोन्ही गटांत सारखी होती. डोपामिन मिळालेल्या १६१ जणांपैकी ६९ आणि न मिळालेल्या १६३ पैकी ६६ रुग्ण दगावले. लघवी वाढणे आणि मूत्रपिंड वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. डोपामिन देणारे डॉक्टर निष्काळजी होते, असा याचा अर्थ कोणी लावू नये. उपलब्ध ज्ञानाप्रमाणे ते वागत होते. ज्ञान अपुरे होते, आणि ते अपुरे असल्याचे कळण्याचा दुसरा मार्गही नव्हता.

डायलिसिसच्या मात्रेबाबत हेच घडले. २००० साली इटलीतील ४२५ रुग्णांच्या अभ्यासात अधिक वेगाने रक्त शुद्ध केलेल्यांचे जगण्याचे प्रमाण लक्षणीय वाढलेले दिसले. मात्र अमेरिकेत ११२४ रुग्णांवर (२००८) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १५०८ रुग्णांवर (२००९) झालेल्या मोठ्या चाचण्यांत वाढीव मात्रेचा काहीही लाभ आढळला नाही. दुसऱ्या चाचणीत दोन्ही गटांचा नव्वद दिवसांचा मृत्युदर अगदी सारखा, ४४.७ टक्के होता.

मग प्रश्न उरला वेळेचा. डायलिसिस लवकर सुरू करावे की थांबावे? २०१६ साली एकाच वर्षी दोन उलट उत्तरे आली. जर्मनीतील एका केंद्रात २३१ रुग्णांमध्ये लवकर सुरुवात केल्याने मृत्यू घटले. फ्रान्समधील ३१ विभागांत ६२० रुग्णांमध्ये मात्र फरक दिसला नाही. तिथे थांबलेल्या गटातील ४९ टक्के रुग्णांना डायलिसिस कधी लागलेच नाही. वाद मिटवण्यासाठी १५ देशांतील १६८ रुग्णालयांनी तीन हजारांवर रुग्ण घेतले. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. नव्वद दिवसांत लवकर सुरुवात केलेल्या गटात ४३.९ आणि नेहमीप्रमाणे थांबलेल्या गटात ४३.७ टक्के मृत्यू झाले. नेहमीच्या गटातील जवळपास ३८ टक्के रुग्णांना यंत्र लागलेच नाही. जगलेल्यांपैकी नव्वद दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिलेले मात्र लवकर गटात अधिक होते: १०.४ टक्के, विरुद्ध ६ टक्के.

यावर कोणाच्याही मनात एक रास्त शंका येते: इतके थांबणे म्हणजे हयगय नव्हे का? थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले, रक्तातील आम्लता आवरेना किंवा फुप्फुसांत पाणी साचले, तर एक क्षणही थांबता येत नाही. थांबण्यालाही मर्यादा आहे. २०२१ साली फ्रान्समध्येच २७८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याहूनही अधिक थांबून पाहिले. लाभ झाला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली. रुग्णाकडे सतत लक्ष ठेवून, ठरलेल्या खुणा दिसेपर्यंत थांबणे, हा आज पुराव्याने टिकलेला मार्ग आहे. नातेवाईक ‘अजून डायलिसिस का नाही?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना हाच तर्क समजावून सांगायला हवा.

उरलेले मुद्दे थोडक्यात. शिरेतून द्यायच्या द्रवांपैकी स्टार्चचे द्रव रक्तवाहिन्यांत अधिक काळ टिकतील म्हणून लोकप्रिय होते. २०१२ साली स्कँडिनेव्हियातील चाचणीत सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर बिघाड झालेल्या, रुग्णांमध्ये त्यांनी मृत्यू ४३ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर नेले आणि डायलिसिसची गरज वाढवली. साधे सलाइन आणि रक्ताच्या क्षारांशी जुळणारे द्रव यांच्या तुलनेत अमेरिकेतील एका केंद्राच्या १५,८०२ रुग्णांमध्ये (२०१८) जुळणाऱ्या द्रवाला थोडा लाभ मिळाला. इजा लवकर ओळखणाऱ्या लघवीतील प्रथिनांच्या चाचण्याही आता आहेत. हमखास विचारला जाणारा ‘रोज किती पाणी प्यावे?’ हा प्रश्न निरोगी माणसाचा आहे. अतिदक्षता विभागातील इजेचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे गरजेहून अधिक द्रव चढवणेही घातक ठरते.

शेवटचा मुद्दा घरी परतलेल्या रुग्णाचा. क्रिएटिनिन पूर्ववत झाले तरी पुढील वर्षांत कायमचा मूत्रपिंडविकार जडण्याचा धोका वाढलेला राहतो. म्हणून तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासावीत, रक्तदाब मोजावा आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रुग्णालयातून निघताना मिळणाऱ्या कागदावर ‘मूत्रपिंडाला इजा झाली होती’ ही नोंद असलीच पाहिजे. ती नसेल तर नातेवाईकांनी मागून घ्यावी.