कर्ट फ्लडचा नकार

बेसबॉलमध्ये फलंदाजापासून दूर, विस्तीर्ण मैदानात उभा राहून उंच आलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूचे काम क्रिकेटमधील सीमेवरच्या क्षेत्ररक्षकासारखे असते. अमेरिकेतील सेंट लुईस कार्डिनल्स संघासाठी हे काम १९५८ ते १९६९ अशी बारा वर्षे कर्ट फ्लड याने केले. १९६६ च्या सबंध हंगामात त्याच्या हातून एकही चूक घडली नाही. पुढे १९६८ च्या जागतिक मालिकेतील अखेरच्या सामन्यात एका चेंडूचा त्याचा अंदाज चुकला आणि लोकांनी ध्यानात ठेवले ते नेमके तेवढेच!

ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले. करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राहावा, असे त्या काळचे कलम होते. फ्लडने जाण्याचे नाकारले आणि न्यायालयात दाद मागितली. वर्षाला ९०,००० डॉलर घेणाऱ्याने गुलामगिरीची भाषा करावी, याचे अनेकांना हसू आले. परंतु दक्षिणेकडील गावांतून खेळताना ज्या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या सोबत्यांच्या पंक्तीला बसता येत नव्हते, त्याला त्या शब्दाचा अर्थ कोणी शिकवावा?

साक्षीला जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू आले. खेळत असलेला एकही आला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याचा दावा फेटाळला. तोवर त्याचा खेळही संपला होता. ते बंधन तुटले १९७५ च्या डिसेंबरात, लवादाच्या निर्णयाने, आणि तेही दुसऱ्याच दोन खेळाडूंच्या प्रकरणात. फ्लड १९९७ मध्ये निवर्तला. त्याच्या नावाचा कायदा झाला तो १९९८ मध्ये.