पावती कोणाच्या नावावर?

(भिवंडीजवळच्या वडपे येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘स्वातंत्र्योत्तर कथा-नाटकांतील कुटुंब, वर्ग आणि ओळख’. इंग्रज गेले, मागे गिरण्या राहिल्या, कचेऱ्या राहिल्या, हे तुम्हाला सांगायला नको. मी थेट मुद्द्यावर येतो. घरातली गोष्ट सांगणारी कथा किंवा नाटक हातात घेतलं, की मी आधी एकच बघतो: राहती जागा कोणाच्या नावावर आहे? पात्रं प्रेमावर बोलोत नाहीतर तत्त्वावर, भांडण शेवटी तिथंच येतं.

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक घ्या, १९८५ सालचं. धरणगावकर देशपांडे. बाप गेलाय, तेराव्याच्या खर्चाला पैसे नाहीत, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. कूळकायदा, जमिनी गेल्या, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण देशपांडे म्हणून मान मिळतो तो वाड्यामुळे, आणि तो वाडाच त्यांना पोसत नाही. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याच्या उलट टोकाला. त्या नावाचा संग्रह १९६३ साली आला. रेल्वेत नोकरी लागलेला शिकलेला तरुण परगावी जातो. पगार आहे, डोकं आहे, कविता आहे, पण खरी जात सांगितली तर खोली मिळणार नाही. जात लपवून खोली मिळते, आणि जात कळते तेव्हा मार मिळतो. एकाकडे वाडा, दुसऱ्याला खोली नाही. संविधान मात्र दोघांना एकच.

आता माझ्या मामीचं सांगतो. दोन मिनिटांत संपवतो.

मामा लालबागला गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. संपात गिरण्यांचं कापड इथल्या मागांवर विणलं गेलं, हे भिवंडीकरांना मी काय सांगणार! मामाही शेवटी इथंच आले. गिरणीत ज्याला साचा म्हणायचे, तो इथं माग झाला. बारा तासांची पाळी, कारखान्यातच झोपणं. आठवड्याने घरी यायचे तेव्हा कानामागे कापसाची पांढरी लव असायची. मामी ती ओल्या पंच्याने पुसायची. आणि मामीचा एक डबा होता, बिस्किटांचा, पत्र्याचा. तांदळाच्या पिंपात खोल पुरलेला. त्यात भाडेपावत्या. भाडं भरायचे मामा, पावती फाटायची थोरल्या दिरांच्या नावाने, म्हणजे कागदावर खोली त्यांची. संपाच्या काळात मामी उपाशी राहिली, पण भाडं चुकवलं नाही. दिरांनी कधी वाकडा शब्द काढला नाही, तरी ते जेवायला आले की मामीचा हात पिंपावर असायचा.

पुढे जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक आलं. गिरणगावातली एक खोली, संपाने मोडलेलं धुरी कुटुंब, हाताबाहेर गेलेला मुलगा. मी मामीला घेऊन गेलो. प्रयोगभर ती हलली नाही. बाहेर आल्यावर रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “काय रे, त्यांच्या खोलीची पावती कोणाच्या नावावर होती?”

(सभागृहात शांतता.)

तेव्हापासून मी सगळं तसंच वाचतो. नायपॉलची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ ची, तिकडे त्रिनिदादमधली. तिथंही माणूस जन्मभर स्वतःच्या घरामागे धावतो.

मागून कोणीतरी विचारतंय, “जमिनी विकल्या म्हणून आम्हाला बोलताय का?” नाही हो दादा. मी दोष द्यायला आलेलो नाही. महामार्ग आला, भातखाचरांवर गोदामं उभी राहिली, घरात पोरं शिकवायची होती. ज्यानं विकली त्याला विचारा त्या रात्री झोप लागली का. मी एवढंच म्हणतो की त्या रात्रीची कथा मला वाचायची आहे. इथं सातबारा म्हटलं की झोपलेलाही उठून बसतो. (हशा.) मग तो सातबारा नाटकात का येऊ नये? बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतात, तेव्हा भाऊ कुठं बघत असतो? गोदामात रात्रपाळीला हमाली करणारा परप्रांतीय पोरगा कोणाच्या खोलीत, कितवा म्हणून झोपतो?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ नाटकावर सविस्तर बोलायचं होतं, ते राहिलं. अण्णा भाऊ साठे राहिले, भाऊ पाध्ये राहिले. आणखी एकच मिनिट द्या.

पुढच्या दोन रांगांत कॉलेजची मुलं-मुली बसली आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या घरात असा एक डबा आहे, पत्र्याचा, नाहीतर नुसती प्लॅस्टिकची पिशवी. आज घरी गेल्यावर आजीला तो उघडायला सांगा. कागदावर कोणाचं नाव आहे आणि कोणाचं राहून गेलंय, ते विचारा आणि ती सांगेल तसं लिहून काढा. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर मला वडपेची कथा वडपेच्या माणसाकडून ऐकायची आहे.