परक्या घरचे पहिले पंधरा दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी धाकटी मुलगी २०२३ च्या सप्टेंबरात विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेतून जर्मनीत श्टुटगार्टला गेली आणि दहा महिने तेथल्या एका कुटुंबात राहून परत आली. तेव्हापासून पुष्कळजणी मला विचारतात, "त्यांनी तिला कसे वागविले? पैसे किती घेतले?" पैशाचे आधी सांगून टाकते. प्रवासाचा व योजनेचा खर्च आम्ही भरला. पण ज्या घरी ती राहिली त्यांनी राहण्याजेवण्याचा एक पैसाही घेतला नाही. हौसेनेच ते परक्याचे मूल ठेवून घेतात. बाकीचे सांगावयास वेळ लागेल, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांचेच सांगते. पुढचे सगळे सुरळीत झाले.

श्टुटगार्ट हे शहर टेकड्यांमधल्या खळग्यात वसलेले आहे. उतारावर द्राक्षांचे मळे, आणि खालच्या आळीतून वरच्या आळीत जावयाचे तर दगडी पायऱ्या. १९६८ पासून ते आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे.

विमानतळावर ते नवराबायको आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा न्यावयास आले होते. आमची मुलगी पाया पडावयास वाकली. बाईंना वाटले, हिचे काही खाली पडले. त्याही वाकून शोधू लागल्या! मग हसत त्यांनी हात पुढे केला. घरी गेल्यावर म्हणाल्या, "आम्हांला नावानेच हाक मार आणि 'डू' म्हण." 'डू' म्हणजे आपले 'तू'. अहो-जाहोला त्यांच्यात 'झी' आहे, पण तो शाळेतल्या शिक्षकांना. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने कशी हाक मारावयाची? मुलीने तीन दिवस हाकच मारली नाही. काही हवे असले की समोर जाऊन उभी राही.

आता खरी गोष्ट. त्या लोकांचे शिजवलेले जेवण बहुधा दुपारी. संध्याकाळी सहा-सातला 'आबेंडब्रोट', म्हणजे संध्याकाळची पोळी म्हणा ना. जाड काळसर पाव, लोणी, चीज, काकडी, टोमॅटो. ताटाऐवजी लाकडाची छोटी फळी. ऊन ऊन असे काही नाही. पहिल्या दिवशी बाईंनी विचारले, "आणखी हवे?" मुलगी म्हणाली, "नको." आपल्याकडे कसे, पाहुण्याने दोनदा नको म्हणावयाचे आणि वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा वाढावयाचे. तेथे नको म्हणजे नको. बाईंनी फळी उचलली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

जाण्यापूर्वी संस्थेच्या लोकांनी आम्हांला बजावले होते की पहिले काही आठवडे रोज फोन करू नका, मुलाचे मन तेथे लागत नाही. आमचा रविवार ठरला होता. पण मंगळवारी रात्री दोन वाजता फोन वाजला. तेथे साडेदहा झाले होते. पांघरुणात तोंड घालून ती बोलत होती. पिशवीतला चिवडा संपला होता. "आई, मला यांच्याकडे भूक लागते गं," म्हणाली.

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. यांचे म्हणणे, लगेच संस्थेला कळवू आणि घर बदलून घेऊ. सासूबाई म्हणाल्या, परत बोलवा. पण मला दिसत होते की त्या बाईंनी काही उपाशी ठेवले नव्हते, विचारले होते. मी मुलीला म्हटले, "मी कोणाला काही कळवीत नाही. उद्या तूच सांग, आपल्याकडे नको कसे म्हणतात ते."

आपण सर्वजणी एकदा परक्या घरी राहावयास गेलो आहोत. त्या घरची आमटी वेगळी, उठण्याची वेळ वेगळी, आणि पोट भरले नाही तरी बोलावयाचे नाही. माझे तरी पहिले वर्ष असेच गेले. आपल्या मुलीने तोंड उघडून सांगावे असे मला त्या रात्री फार वाटले.

तिने सकाळी मोडक्या जर्मनमध्ये सांगितले. बाई आधी चकित झाल्या, मग त्यांना वाईट वाटले, मग त्या हसू लागल्या. त्या दिवसापासून टेबलावर विचारीत, "हे मराठी नको की जर्मन नको?" 'नको' हा त्यांचा पहिला मराठी शब्द. शनिवारी त्यांनी तिच्यासाठी अख्खे मसूर आणि 'श्पेट्झले' केले. त्या म्हणजे अंड्याच्या पिठाच्या जाड, आखूड शेवया. त्यावर सॉसेज घालण्याची तेथली रीत. हिच्यासाठी ते वेगळ्या भांड्यात ठेवले. अंडे आमच्याकडे चालते.

बाकी शिकण्यासारखे पुष्कळ होते. कचरा चार ठिकाणी: कागद वेगळा, वेष्टने वेगळी, साली-देठ वेगळे, उरलेले वेगळे. रविवारी दुकाने बंद. कितीही थंडी असो, सकाळी खिडक्या सताड उघडून घर वारे खाते. खोल्यांची दारे लोटलेली असतात. त्याचा अर्थ कोणी रागावले आहे असा नव्हे. हे कळेपर्यंत मुलीने दोनदा रडून घेतले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दारावर एक पाटी येऊन लटकली: 'केरवोखे'. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे झाडणे. शब्द ऐकून मला फार गंमत वाटली! इमारतीचा जिना आणि पुढची वाट झाडण्याची पाळी घराघरांतून फिरते, आणि पाळी आली की पाटी दारावर. तोपर्यंत मुलगी कामाला हात लावू गेली की "राहू दे" म्हणत. त्या दिवशी बाईंनी स्वयंपाकघरातल्या कामाच्या यादीत तिचे नाव लिहिले: बुधवार, जिना पुसणे. रविवारी फोनवर तिने प्रथम हेच सांगितले. आवाज इतका मोकळा की मी यांच्याकडे पाहिले.

सासूबाई तडकल्या. "पोरीला सातासमुद्रापलीकडे झाडू मारावयास धाडलीत काय?" मी गप्प राहिले, पण मला बरे वाटले. ज्याला काम सांगत नाहीत तो पाहुणा. पाहुणा दहा महिने राहिला तर दोघांनाही जड होतो.

त्या योजनेत तिकडची मुलेही इकडे येतात, आणि त्यांना घरे हवी असतात. आम्ही नाव दिले आहे. स्वतंत्र खोली नाही, बाहेरच्या खोलीतला दिवाण आहे; तसे अर्जात लिहिले. सासूबाईंची एकच शंका: येणारी मुलगी 'नको' म्हणाली तर पुन्हा वाढावयाचे की नाही? आमच्या घरी यावर अजून एकमत नाही. आणखी कोणाच्या घरी जागा असेल तर सभा संपल्यावर मला भेटावे. अर्ज मी बरोबर आणले आहेत.