पास आणि पात्र



दहावीचा निकाल लागला की आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाच्या अर्जांवरचं कारण बदलतं. एरवी म्हैस, खत, दवाखाना असं असतं. मे-जूनमध्ये एकच कारण येतं, 'मुलीचं अ‍ॅडमिशन'. आम्ही सगळ्या मिळून ते मंजूरही करतो. पण मुलगी कुठले विषय घेणार, कशासाठी घेणार, हे आम्ही बरीच वर्षं विचारतच नव्हतो. म्हशीसाठी कर्ज मागितलं तर दूध किती देते, वेत कितवं, हे चार जणी विचारतात. अ‍ॅडमिशनला मात्र कोणी काही विचारत नाही. शिक्षणाचं काम आहे, आपल्याला काय कळतंय, असं वाटायचं.

ते कसं महागात पडलं, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला नर्स व्हायचं होतं. आजीच्या आजारपणात ती सीपीआरला महिनाभर राहिली होती, तेव्हापासून तिचं ठरलेलं. दहावीला गुण बरे होते, सायन्स मिळालं. कॉलेजात अर्ज भरताना खिडकीवर कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटर सायन्स घे, मार्क पडतात. याला बायफोकल म्हणतात. हा २०० गुणांचा विषय असतो. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि आणखी एक विषय सोडावा लागतो. तिचं जीवशास्त्र सुटलं. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॉम्प्युटर म्हणजे चांगलंच की! त्या विषयाची फी वेगळी होती, म्हणून गटातून २०,००० रुपये कर्ज दिलं. सह्या आमच्याच आहेत.

बारावीच्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला पोरगी बसली आणि तिथं कळलं, बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही लागतात, वर इंग्रजी. जीवशास्त्र नसेल तर बाकीचे गुण कितीही असोत. दोन वर्षं रोज पहाटेची एसटी धरून शिकलेल्या पोरीला हे अर्जाच्या पानावर वाचायला मिळालं.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट धरून बसलो आहोत. पास होणं वेगळं आणि पात्र होणं वेगळं. बोर्ड पास करतं. पुढचा कोर्स पात्रता बघतो. दोन्हींचे नियम वेगळे असतात, आणि आपण फक्त पहिलाच बघतो.

आता जरा गणित करू. बारावीला प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ गुण मिळाले की मुलगी पास. भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्हींत ३५-३५ पडले तर झाले १०५. बी.एस्सी. नर्सिंगला या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. राखीव प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. म्हणजे पेढे वाटून झाले तरी पोरगी ३० गुणांनी बाहेर. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसणाऱ्या मुलीला याच तीन विषयांत खुल्या प्रवर्गात ५० टक्के लागतात, राखीवला ४०. जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा. त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण एकूण ४० टक्के हवेत आणि इंग्रजीतही ४० हवेत. इंग्रजीत ३६ पडलेली मुलगी बारावी पास आहे, पण तिथं तिचा अर्ज चालत नाही. मागासवर्गीयांना थोडी सवलत असते, ती विचारून घ्यावी.

म्हणून वाट उलटीकडून बघायची. आधी मुलीला विचारायचं, बारावीनंतर कुठं जायचंय? मग त्या कोर्सची माहितीपुस्तिका काढायची, त्यात 'पात्रता' असं लिहिलेलं पान असतं, ते वाचायचं, आणि मग अकरावीचे विषय लिहायचे. इंजिनिअरिंगची सीईटी द्यायची असेल तर त्यात गणिताचा पेपर आहेच, गणित सोडून भागणार नाही. फार्मसीला भौतिक आणि रसायन पाहिजेच, जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं. कृषी पदवीला सायन्स लागतं. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, शेतकऱ्याची मुलगी आहे म्हणून आर्ट्समधून शेतीकॉलेजला जाता येत नाही. आमच्याकडं दोन मुलींचा असा समज होता.

मुलीचं अजून काही ठरलेलं नसेल तर? पंधरा-सोळाव्या वर्षी बहुतेकींचं ठरलेलं नसतंच. सायन्स घ्यायचंच असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावं, असं आमचं मत. अभ्यास जड पडतो, हे खरं. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलीला अकरावी सायन्सचे पहिले तीन-चार महिने इंग्रजीमुळं फार त्रासाचे जातात. पोरी रडतात, आम्ही बघितलंय. दिवाळीपर्यंत बऱ्याच जणी सावरतात. पण जिला मुळातच यात गोडी नाही तिला नुसतं गुण आहेत म्हणून सायन्सला घालू नका. शेजारची गेली म्हणून तर मुळीच नको.

आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा, हेही काढून टाका. पोलीस भरतीला बारावी लागते, कुठल्या शाखेची ते बघत नाहीत. स्पर्धा परीक्षेला पदवी लागते, तीही कुठलीही चालते. कॉमर्सचं तर आपल्याच घरात काम आहे. पुस्तपालन शिकलेली एक मुलगी आमच्या ग्रामसंघाची वही लिहिते, ऑडिटला एक चूक निघाली नाही. आणि जिला लवकर हातात काम पाहिजे तिला आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. कोल्हापुरात शासकीय पॉलिटेक्निक आहे, आणि गारगोटीला मौनी विद्यापीठाचं काम १९५० च्या सुमारापासून खेड्यातल्या मुलांसाठीच चालू आहे. या वाटा आपण मुलांसाठी शोधतो, मुलींसाठी विचारतही नाही.

आता प्रवेशाचं. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. गावातलं कॉलेज असलं तरी अर्ज ऑनलाइनच. त्यात दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहिता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. त्यामुळं ई-सेवा केंद्रातल्या पोराला 'तुझ्या मनानं भर' असं सांगून बाजाराला जाऊ नका. आमच्या एका मावशींनी तेच केलं. पहिलं कॉलेज असं लागलं की तिथं जायला सरळ एसटीच नव्हती. मोबाईल नंबर घरचाच द्यावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. कॉलेज लिहिताना शेवटची गाडी किती वाजता सुटते, हेही बघावं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो.

तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारायला लाजू नका. अनुदानित ठिकाणी मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. विनाअनुदानित तुकडीत फी लागते, आणि आपले कर्जाचे अर्ज बहुतेक तिथूनच येतात. पुढं व्यावसायिक कोर्सला मुलगी केंद्रीय फेरीतून लागली आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं, तर आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरच्या मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, हा निर्णय जुलै २०२४ चा. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचे कागद लागतात. जातवैधतेला वेळ लागतो, ते अकरावीतच टाकून द्या. सीईटीचे अर्जही बारावीच्या परीक्षेच्या आधीच निघतात. निकालाची वाट बघत बसलं की तारीख गेलेली असते.

आणखी एक. काही ठिकाणी कॉलेजात नुसतं नाव असतं, मुलगी दिवसभर क्लासला. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. सायन्सच्या विषयांना ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात, आणि प्रात्यक्षिक घरी बसून होत नाही. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण हेही सक्तीचे आहेत, त्यांच्या वह्या आणि प्रकल्प राहू देऊ नका.

आता नापास झालेल्या मुलीचं बोलू, कारण तिच्याकडं कुणी बघत नाही. दहावीला एखाद-दुसरा विषय गेला की दुसऱ्या दिवसापासून घरात स्थळांची बोलणी. गेल्या खेपेला एका घरी आम्ही पाच जणी गेलो. मुलीचं गणित राहिलं होतं, वडील म्हणाले, तिच्या नशिबात नाही. आम्ही सांगितलं, दादा, एक किंवा दोन विषय राहिले असले तरी अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो, त्याला एटीकेटी म्हणतात. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. तिचं वयही अठरा नाही. वडील काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, फी किती? पोरीनं आर्ट्सला प्रवेश घेतला आणि पुरवणीत गणित सोडवलं.

पास झालेल्या मुलीला गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार परीक्षा आहे. राहिलेला एखादा वेगळा विषय नंतर देण्यासाठी बोर्डात 'तुरळक विषय' अशी सोय आहे. पण त्यात प्रात्यक्षिकं आणि आणखी एक वर्ष जातं. पुढच्या कोर्सला तो चालेल का, हे आधी विचारावं लागतं. आणि आपल्यातल्या ज्यांची शाळा लग्नात सुटली, त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. अंगणवाडी सेविकेला आता बारावी लागते म्हटल्यावर आमच्या दोघींनी तो भरला. एकीचं इंग्रजी अजून राहिलंय, पुन्हा बसणार आहे.

त्या नर्सिंगच्या मुलीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. इंग्रजीत तिला ५२ होते, म्हणून जीएनएमला लागली. जीएनएम काही कमी नाही, त्यानंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स करून पदवीही घेता येते. पण चार वर्षांत झालं असतं ते पाच वर्षांवर गेलं. आईनं कर्जाचे हप्ते एकही न चुकवता फेडले, ऊस बांधायला जाऊन. ती आम्हाला काही बोलली नाही. आम्हीच त्या बैठकीत कर्ज अर्जाच्या नमुन्यावर दोन ओळी वाढवल्या: 'अकरावीचे विषय कोणते? बारावीनंतर कुठे?' उत्तर नसेल तर कर्ज अडवत नाही, पण बैठक लांबली तरी चालेल, बसून उत्तर शोधतो.

आमची पुढची बैठक बुधवारी दुपारी दोनला समाजमंदिरात आहे. मार्कलिस्ट, आधार कार्ड आणि चार्ज केलेला मोबाईल घेऊन या. मुलीलाही आणा. मागच्या वेळी नुसत्या आयाच आल्या होत्या.