घरच्या सेवेला सुट्टी



आजच्या व्याख्यानाचा विषय कळला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "घरच्याच माणसाची सेवा करावयाची, तिचे पैसे घ्यावयाचे, आणि वर सुट्टीही मागावयाची?" प्रश्न थट्टेचा होता, पण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असणार, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

चौल-रेवदंड्याच्या बाजूला एका वाडीत राहणाऱ्या बाई माझ्या परिचयाच्या आहेत. नाव सांगत नाही. त्यांच्या धाकट्या भावाला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. आज तो चाळिशीला आला. हातपाय ताठ, बोलणे अस्पष्ट. समज मात्र तुमच्याआमच्यापेक्षा तीक्ष्ण. दुसरे दोन भाऊ मुंबईला. आईवडील गेल्यावर असे ठरले की, विधवा बहिणीने माहेरच्या घरी राहून त्याचे सारे करावयाचे आणि भावांनी दरमहा ठरावीक रक्कम पाठवावयाची. नऊ वर्षांत एकाही महिन्याची रक्कम चुकलेली नाही. तेव्हा भावांना बोल लावण्याचे कारण नाही. पण या नऊ वर्षांत बाई एक रात्रही गावाबाहेर राहिलेल्या नाहीत. मुलीचे बाळंतपण पनवेलला झाले, तेथे जाता आले नाही. आठ दिवस येऊन राहा, म्हणून भावांना निरोप धाडला, तर उत्तर आले, "ताई, पैसे तर वेळेवर पाठवतो ना आम्ही?"

सारा घोटाळा या एका वाक्यात आहे. मोबदला दिला की विसाव्याचा प्रश्न मिटला, असे आपण धरून चालतो. बाहेरच्या नोकरीत मात्र आपण असे कधीच मानीत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या किनाऱ्यावरचे किती चाकरमानी खपले! त्या कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. पगार मिळत होताच. तरी लोखंड्यांनी सुट्टी मागितली, आणि ती भीक म्हणून मागितली नाही. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी तर दिलीच, शिवाय कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. या हिशेबाने आमच्या बाईंची किती रजा साठली असेल, ते आपणच मोजा.

आणि तिला संपही करता येत नाही. याच तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभे राहून १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. जमीन पडीक राहू शकते. अंथरुणावरचा माणूस राहू शकत नाही. त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री तीन वाजताही हे काम टळत नाही. वाढत्या वजनाचे शरीर उचलता उचलता उचलणारीची कंबर जाते. पण कंबरेहून अधिक काही जाते, ते बाईंनी मला एकदा खालच्या आवाजात सांगितले: "काल मी त्याच्यावर हात उचलला. मग दोघेही रात्रभर रडलो." त्या बाई दुष्ट नाहीत. नऊ वर्षांची झोप त्यांच्या डोळ्यांत साठलेली आहे. विसावा हा केवळ सेवा करणारीच्या सुखाचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या भावाच्या गालाचा विचार करावा.

आपल्या कायद्यांना ही गोष्ट ठाऊक नाही असे नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जे कार्यक्रम सांगितले, त्यांत अशा विसाव्याच्या सेवेचा उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सेवा देणाऱ्याची व्याख्या करताना आईवडील व नातलगही धरले, आणि मोबदला घेऊन असो वा न घेता असो, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे पैसे घेणारी बहीण ही कायद्याच्या दृष्टीने कमी प्रतीची बहीण नव्हे! केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना महिना ६०० रुपये ठरविले. रक्कम लहान, पण हे काम आहे अशी कबुली तीत आहे. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा आहे. तेथे मिळणारा भत्ता आजारी माणूस आपल्या नातलगाला देऊ शकतो. आणि तो नातलग विसाव्याला गेला, तर ठरावीक मर्यादेत, वर्षातून आठ आठवड्यांपर्यंत, बदली माणसाचा खर्च विमा सोसतो. त्या काळात निम्मा भत्ताही चालू राहतो. पैसे आणि सुट्टी ही दोन वेगळी देणी आहेत, हे त्यांनी ओळखले.

जर्मनी दूर आहे, हे खरे. पण आपल्याकडे माहेरपण नावाची जी चाल होती ती दुसरे काय होती? सासरी राबणाऱ्या मुलीला वर्षातून चार दिवस आयते जेवण आणि दुपारची झोप. आमच्या बाईंचा प्रकार मोठा विचित्र. त्या राहतात माहेरीच, आणि माहेरपण तेवढे नाही. समुद्रालासुद्धा आपण विसावा देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि त्याविरुद्ध कोणी म्हणत नाही की मासळीला कशाला हवी रजा!

मग करावयाचे काय? प्रथमच आठ दिवसांची भाषा नको. दुपारचे दोन तास, आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी. अडीनडीला नव्हे, अडीनडीची मदत शेजारी आजही करतातच. गावातल्या दोघीतिघींना कूस कशी बदलावी, घास अडकू न देता कसे भरवावे, हे नीट शिकवावे व त्यांना मेहनताना द्यावा. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे असतात. त्यातून हे होण्यासारखे आहे. ग्रामसभेत उठून विचारावे मात्र लागेल.

एक गोष्ट मला स्वतःला उशिरा सुचली. आम्ही बाईंशी हे सारे बोलत होतो, भाऊ शेजारीच पडून होता, आणि त्याला कोणी काही विचारले नाही. अखेर तोच बोलला. मला कळले नाही, बहिणीने हसत सांगितले: "म्हणतोय, मलापण हिच्यापासून सुट्टी पाहिजे." पुढे त्याने अटही घातली, की येणाऱ्या माणसाला क्रिकेट कळले पाहिजे आणि त्याने आपल्याशी लहान मुलासारखे बोलता कामा नये.

सध्या बाई एका वहीत त्याच्या सवयी लिहून काढीत आहेत: कोणत्या आवाजाचा अर्थ तहान, कोणता गुडघा दुखतो, चहा किती निवलेला लागतो. बदली माणसाच्या हाती ती वही द्यावयाची आहे. पावसाळ्याआधी एक तरी माणूस मिळावे अशी खटपट चालली आहे. ज्यांना आठवड्यातले दोन तास आणि थोडी क्रिकेटची माहिती असेल, त्यांनी व्याख्यानानंतर दोन मिनिटे थांबावे.