वावर निंदलं, प्लॉटचं काय?

आपल्या खानदेशात पेरणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की निंदणीची घाई सुरू होते. कपाशीच्या ओळीत तण दिसलं, की शेतकऱ्याला चैन पडत नाही. बांधावरून जाणारा माणूस काय म्हणेल, ही लाजही असते. पण त्याच शेतकऱ्याने, किंवा नोकरीला लागलेल्या त्याच्या मुलाने, जळगावला पिंप्राळ्याकडे नाही तर धुळ्याला देवपुरात एखादा प्लॉट घेऊन ठेवलेला असतो. तिथे श्रावणापर्यंत कंबरभर रान माजतं आणि त्याची लाज मात्र कुणालाच वाटत नाही.

मुळात तेही वावरच होतं. गिरणा-पांझरेच्या खोऱ्यातली ही काळी माती. जमीन बिगरशेती झाली, कोपऱ्यावर दगड रोवले, म्हणून मातीचा कस जात नाही. पीक नसेल तर तिच्यात तण उगवतं. तरोटा, आघाडा, धोत्रा, रुई. आणि दोन-तीन वर्षं हात लावला नाही, की वेडी बाभूळ.

या सगळ्यांत वाईट गाजरगवत. हे मूळ अमेरिका खंडातलं. आपल्याकडे त्याची पहिली नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशी गव्हाबरोबर ते आलं, असं मानतात. एका झाडाला दहा हजारांच्या वर बी धरतं, आणि ते वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकाला चिकटून सगळीकडे जातं. अंगाला खाज, पुरळ, कुणाला दमा. म्हणजे प्लॉट एकाचा आणि खोकला चार घरांचा.

आमच्या शेजारी असाच एक रिकामा प्लॉट आहे. मालक परगावी. एका भाद्रपदात शेजारच्या आजी नातवंडांना अंगणातही जाऊ देईनात. मला म्हणाल्या, ‘नाना, आठे साप निंघस.’ शेवटी गल्लीने वर्गणी काढली, रोजाने दोन माणसं लावली आणि रान काढलं. नंतर मालकाला फोन केला. तो म्हणाला, ‘नाना, मला कुणी सांगितलंच नाही.’ तो खरं बोलत होता. खरेदीखत झाल्यापासून त्याने ती जागा पाहिलेलीच नव्हती.

अशा वेळी कायदा काय सांगतो? जळगाव आणि धुळे, दोन्ही शहरांत 2003 मध्ये महानगरपालिका झाली. महानगरपालिकेच्या कायद्याप्रमाणे एखाद्या खाजगी जागेत उपद्रवी रान माजलं असेल, तर आयुक्त मालकाला लेखी नोटीस देऊन ती साफ करायला सांगू शकतात. मालकाने ऐकलं नाही, तर पालिका स्वतः काम करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. म्हणून आपण नुसतं कुरकुरत बसू नये. चार घरांनी मिळून सह्यांचा अर्ज द्यावा, त्यात प्लॉटचा गट क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. पालिकेनेही साप निघेपर्यंत, डेंग्यूचे रुग्ण येईपर्यंत थांबू नये. आषाढात दिलेली नोटीस उपयोगाची. दिवाळीला दिली, तर तोवर बी जमिनीत पडलेलं असतं.

एक विनंती जास्त कळकळीने करतो. वाळलेलं गवत पेटवून देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा दिवसांत प्लॉटवर लावलेली काडी शेजाऱ्याच्या मीटरपर्यंत, उभ्या गाडीपर्यंत कधी पोचेल, सांगता येत नाही. आणि सफाई म्हणजे सरसकट जेसीबी फिरवणंही नव्हे. प्लॉटवर निंब असेल, तर तो राहू द्या. झाड तोडायला 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तण उपटायला कुणाचीच लागत नाही.

गाजरगवत पांढऱ्या फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फूल धरलेलं नसेल, तर त्याचं कंपोस्टही होतं. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवत निर्मूलनासाठी पाळला जातो. ज्यांचे प्लॉट जळगाव-धुळ्याला आहेत आणि जे स्वतः पुण्याला, सुरतेला, मुंबईला आहेत, त्यांनी त्याआधी एक रविवार काढावा. स्वतः यावं, नाही जमलं तर दोन माणसांची मजुरी पाठवावी, आणि शेजारच्या घरी आपला फोन नंबर देऊन ठेवावा.